रोज नव्याने भेटणारे आजोबा

मुलांनो, दोन्ही हातांच्या मुठी मिटा आणि एकमेकींना चिकटवून समोर धरा. साधारण एवढा मेंदू प्रत्येकाच्या डोक्यात असतो. आता अशी कल्पना करा, की त्या दोन मुठींच्या आत, एका कानामागे एक आणि दुसऱ्या कानामागे एक, असे करंगळीएवढे दोन घोडामासे झोपलेत. खरे मासे नव्हेत बरं का. ते मेंदूचेच भाग आहेत, पण वळण अगदी समुद्रातल्या घोडामाशासारखं. आज डब्यात काय होतं, बाकावर शेजारी कोण बसलं, कोण तुमच्यावर रुसलं, हे सगळं धरून ठेवायचं काम त्यांचं. रात्री तुम्ही झोपता तेव्हाही ते दिवसभराचं पुन्हा पुन्हा घोळवतात आणि त्यातलं नेमकं ते आत खोलवर पोचवतात.

आता अशीही कल्पना करा, की एके दिवशी हे दोन घोडामासे थकले आणि काम करेनासे झाले. काय होईल? सगळा अंधार? छे. खिडकी दिसेल, ऊन दिसेल, चहा गोड लागेल, विनोदावर हसू येईल. लहानपणीचं सगळं जिथल्या तिथे असेल. फक्त चहा संपला, की आपण चहा प्यायलो हे उरणार नाही. पाण्यावर ओढलेली रेघ कशी बोट उचलताच मिटते, तसं.

ज्यांचं असं झालं होतं ते राजाराम आजोबा मुलुंडला राहत. मुलुंड पूर्वेला, चौथ्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीतून हायवेपलीकडची मिठागरं दिसत. दुपारी उन्हात त्या चौकोनांतलं पाणी असं चमके, की कोणी आरसे वाळत घातलेत असं वाटावं. आजोबा तासन् तास तिकडे बघत बसत. त्यांना कंटाळा येत नसे, कारण प्रत्येक वेळी ते नुकतेच तिथे येऊन बसलेले असत.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय काही मिनिटं थांबलं होतं. शेजारच्या माणसांनी छाती दाबून ते पुन्हा चालू केलं, जीव वाचला. पण तेवढ्या मिनिटांत मेंदूला रक्त पोचलं नाही, आणि घोडामासे फार नाजूक असतात. बाकीचा मेंदू सावरला, ते सावरले नाहीत.

जान्हवी या घरात आली ती त्यानंतर. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते. ती आणि तिची आई अनुपमा, दोघी घाटकोपरला राहायच्या. मग अनुपमाने राजाराम आजोबांच्या मुलाशी, सर्वेशशी लग्न केलं आणि दोघी मुलुंडला आल्या. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. जान्हवी पहिले सहा महिने त्याला सर्वेशकाका म्हणायची. एकदा कंपासपेटी शोधताना तिच्या तोंडून सहज "बाबा" निघून गेलं आणि ते तसंच राहिलं. त्याने फक्त कंपासपेटी काढून दिली, पण त्या रात्री जेवताना तो उगाचच सगळ्यांना वाढत होता.

घरात पाचवी होती कुंदाआत्या. ती सर्वेशची आत्या, म्हणजे राजाराम आजोबांची धाकटी बहीण. पण घरातले सगळे तिला आत्याच म्हणत, जान्हवीसुद्धा. आत्या दिवसभर आजोबांचं बघायची आणि दिवसभर बडबडायची. मालवणची असल्यामुळे तिची मायासुद्धा भांडल्यासारखी ऐकू येई.

आजोबा सर्वेशला ओळखत, कुंदाला ओळखत. पन्नास वर्षांपूर्वी लालबागच्या गिरणीत ते चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे, त्या साच्यांचे नंबर त्यांना पाठ होते. पण अनुपमा आणि जान्हवी घोडामासे थकल्यावर आल्या होत्या. त्यामुळे जान्हवी रोज दीड वाजता शाळेतून आली, की आजोबा मान वळवत, प्रेमाने बघत आणि विचारत, "कोणाचा गो चेडू तू?" मालवणीत मुलीला चेडू म्हणतात.

पहिल्यांदा जान्हवीने शहाण्यासारखं उत्तर दिलं, की मी जान्हवी, तुमची नात. आजोबांना फार आनंद झाला. दहा मिनिटांनी ती पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेवढाच आनंद झाला. सर्वेशने एका पुठ्ठ्यावर तिचा फोटो चिकटवून खाली 'ही तुमची नात जान्हवी' असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आजोबा ते वाचत, फोटो बघत, तिच्याकडे बघत आणि एखाद्या साहेबाने ओळखपत्र तपासून परत द्यावं तसे नम्रपणे मान हलवत.

मग जान्हवीने त्याचा खेळ केला. एकदा तिने सांगितलं, की मी पालिकेकडून आलेय, डास मोजायला. आजोबा लगबगीने उठले. तुळशीच्या कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, मोरीतली बादली, सगळं त्यांनी तिला दाखवलं आणि आत्याला हाक मारून सांगितलं, की या बाई उन्हातून आल्यात, त्यांना चहा टाक. आत्या हसून हसून ओट्याला टेकली. "पालिकेच्या बाई, आधी हातपाय धुवा," ती म्हणाली.

दुपारी जेवणं झाली, की आजोबा तिला गिरणीतली बिनआवाजाची बोली शिकवत. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत, तेव्हा ओरडूनही काही ऐकू येत नसे. म्हणून विणकर ओठांवरून आणि हातांवरून बोलत. मिशीला पीळ दिला, की साच्यांवर देखरेख करणारा जॉबर येतोय. दोन बोटं फाकवली, की धागा तुटलाय. अंगठा ओठाला लावला, की चहाची सुट्टी. जान्हवीला हे सगळं केव्हाच पाठ झालं होतं. पण आजोबांना वाटे, की आपण तिला पहिल्यांदाच शिकवतोय, म्हणून तीही पहिल्यांदाच शिकल्यासारखं करी. पहिले काही महिने तिला यात मजा वाटली. मग हळूहळू ती मजा ओसरली.

तिला एकच हवं होतं. एक दिवस असा यावा, की आपण दारातून आत येऊ आणि आजोबा 'कोणाचा गो चेडू' म्हणून विचारणार नाहीत. जास्त काही नाही. सर्वेशला ते नावाने हाक मारत, रोज गोळ्या द्यायला येणाऱ्या आत्याला शिव्याही देत. तिला मात्र ते पाहुणीसारखं वागवत. कुणी कितीही गोड वागलं, तरी दीड वर्ष पाहुणी होऊन राहणं काही सोपं नाही. करून बघा एकदा.

मग शाळेत तो कागद मिळाला. पाचवीच्या बाईंनी सगळ्यांना कुटुंबाचं झाड काढायला सांगितलं होतं, आणि त्याखाली आजी किंवा आजोबांनी स्वतःच्या हाताने नातवंडाबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. जान्हवीने झाड छान काढलं. सगळ्यात वर राजाराम आजोबा आणि त्यांच्या शेजारी, ती येण्याआधीच गेलेली आजी. घरी येऊन तिने कागद आजोबांसमोर ठेवला आणि पेन दिलं. आजोबांनी चष्मा लावला, तिचं नाव विचारलं, ती कशात हुशार आहे ते विचारलं आणि जुन्या वळणाच्या सुरेख अक्षरात लिहिलं. जान्हवीने वाचलं.

'ही मुलगी चांगली आहे. कोणाची ते कळले नाही.'

उद्या हे वर्गात भिंतीवर लागणार. सगळे वाचणार. तिला हसू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही.

कुंदाआत्याचं एक बोलणं तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. गावच्या भावकीतल्या कुणाचं नाव निघालं, की आत्या म्हणायची, की मार विसरतो, उपास विसरतो, पण लागलेला शब्द माणूस मरेपर्यंत विसरत नाही. गोड बोलून दीड वर्षात काही झालं नव्हतं. जान्हवीच्या मनात आलं, की आजोबांना लागेल असं काही बोललं तर? लागलं तर राहील. राहिलं तर उद्या ते ओळखतील.

आणि आजोबांना काय लागेल हे तिला नेमकं ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच तिला सांगितलं होतं, तेही शंभरदा. गिरणीत असताना त्यांची लालबागला दहा बाय बाराची खोली होती. गावाकडून आलेले अकरा जण तिथे पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामावरून आली, की दुसरी उठे. कुणाला नोकरी नव्हती, कुणाकडे भाडं नव्हतं, पण आजोबा अभिमानाने सांगत, की आपल्या दारातून कधी कुणाला बाहेर काढलं नाही. मुंबईत आयुष्यभर त्यांनी कमावलेलं हे एवढंच होतं, असं ते म्हणत.

आत्या खाली दूध आणायला गेली होती. आजोबांनी कागद परत देताना पुन्हा विचारलं, की कोणाची तू. जान्हवी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "कोणाचीच नाही. मी इथेच राहायचे. तुम्ही मला घरातून बाहेर काढलंत. म्हणालात, ही आपली नाही."

आजोबांनी आधी ऐकलंच नाही असं वाटलं. मग त्यांचा चेहरा खालून वर हळूहळू बदलत गेला. मी? त्यांनी विचारलं. जान्हवीने मान हलवली. आजोबा खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, आणि त्यांनी त्या दहा वर्षांच्या मुलीपुढे हात जोडले. "माका माफ कर गो बाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

जान्हवी पळाली. बेडरूमचं दार लावून ती पलंगापलीकडे जमिनीवर बसून राहिली. तिने कागदाचे तुकडे केले. बराच वेळ गेला, आत्या परत आल्याचा आवाज झाला, कप वाजले. जान्हवी पाऊल न वाजवता बाहेर आली, तर आजोबा गॅलरीत मिठागरांकडे बघत बसले होते. गालावरचं पाणी सुकलं होतं. त्यांना काहीही आठवत नव्हतं. तिला इतकं हायसं वाटलं, की ती दोन वाट्या पोहे खाऊन गेली. तिच्या मनात आलं, सुटले. जे त्यांना आठवत नाही ते झालंच नाही.

पण रात्री आजोबा जेवले नाहीत. पानावर बसले, घास उचलला, खाली ठेवला. छातीवर हात फिरवत राहिले. सर्वेशने विचारलं, दुखतंय का. ते नाही म्हणाले. डॉक्टरांना फोन लावू का, नाही म्हणाले. मग ते कुणाकडेच न बघता पुटपुटले, "माझ्याकडून कायतरी चुकलाहा. काय ता आठवणा नाय."

अनुपमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कुंदाआत्याचा चेहरा मात्र उतरला. दुपारी आजोबांनी काढ्याची वाटी सांडली होती आणि ती त्यांना वाट्टेल तसं बोलली होती. म्हातारपणी अक्कल गेली, वगैरे. रोजचंच होतं ते. पण आता ती म्हणाली, की माझ्याच जिभेला हाड नाही, मीच दुखवलं त्याला. जान्हवी ताटातल्या भातावर बोटाने रेघा ओढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती शाळेतून आली. दप्तर खाली ठेवलं. आजोबांनी मान वळवली, तिला बघितलं, आणि काहीच विचारलं नाही. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले, हात मांडीवर जवळ घेतले आणि नजर बाहेर वळवली. ती पाणी घेऊन गेली, तर त्यांनी पेला घेतला, पण तिच्या बोटांना आपलं बोट लागणार नाही असा. हातांची बोली शिकवायची वेळ झाली, तरी ते शांतच.

ज्या दिवसाची ती दीड वर्ष वाट बघत होती, तो दिवस असा आला. आजोबांनी प्रश्न विचारला नाही. ती कोण हे त्यांना माहीत नव्हतंच, आदल्या दिवशीचा एक शब्दही आठवत नव्हता. पण ती आली, की त्यांना आपल्या हातून काहीतरी मोठं पाप झाल्यासारखं वाटे. का, ते त्यांना कळत नव्हतं. ते फक्त तिला कळत होतं.

आठवडाभर असंच चाललं. शनिवारी आजोबांना तपासणीसाठी पश्चिमेच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून जान्हवीलाही बरोबर घेतलं. तिथल्या गंधाली डॉक्टर स्मरणशक्तीच्या दुखण्यांवर काम करायच्या. आवाजाला मोठ्या, केसांना पेन खोचलेलं, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. त्या आजोबांकडून चित्रं ओळखून घेत, गोष्ट सांगत, मग पाच मिनिटांनी तीच गोष्ट विचारत. आजोबा म्हणत, कुठली गोष्ट? आणि दोघेही हसत.

या वेळी आत्याने सांगितलं, की तो गेला आठवडाभर धास्तावलेला आहे, आणि दोष माझा आहे. ती भर हॉस्पिटलात रडायला लागली. गंधाली डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. मग सर्वेश औषधांच्या रांगेत गेला, आत्या आजोबांना घेऊन बाथरूमकडे गेली, आणि खोलीत जान्हवी एकटीच उरली. टेबलावर मेंदूची प्लॅस्टिकची प्रतिकृती होती. तिच्या खाचांतून बोट फिरवत जान्हवीने विचारलं, की समजा, कुणीतरी, म्हणजे एखाद्या मुलीने समजा, त्यांना फार वाईट काही सांगितलं, आणि ते दहा मिनिटांत विसरले, तर ते गेलं ना?

कोण ती मुलगी, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. त्यांनी ती प्रतिकृती दोन भागांत उघडली आणि आतला घोडामासा बोटाने दाखवला. त्याच्या तोंडापाशीच एक छोटा गोळा होता, सालीसकट बदामाएवढा.

"हा याचा शेजारी," त्या म्हणाल्या. "घोडामासा गोष्ट ठेवतो. कोण, कधी, कुठे. बदाम गोष्ट नाही ठेवत. तो फक्त ठेवतो, की इथे भीती वाटली, इथे बरं वाटलं. आजोबांचा मासा आजारी आहे, बदाम ठणठणीत. गोष्ट गेली, चव राहिली. म्हणजे जास्तच वाईट ना गं? आपल्याला निदान कळतं, आपण कशाला रडतोय ते."

जान्हवीने विचारलं, की मग त्या मुलीने माफी मागितली तर.

"कशाची मागणार? त्यांना आठवतच नाही. आधी सगळं सांगावं लागेल. म्हणजे ते पुन्हा रडतील, पुन्हा विसरतील, आणि बदामात अजून एक कडू थेंब. तिला मोकळं वाटेल, त्यांना जड."

मग ती चव पुसायची कशी, जान्हवीने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, की पुसता येत नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवता येते. रोज थोडी थोडी. घाई केली तर बदाम घाबरतो. आणि शब्दांनी नाही हं, त्या म्हणाल्या, बदामाला शब्दांचं फारसं कळत नाही.

रिक्षातून परत येताना आजोबा सर्वेश आणि आत्याच्या मध्ये बसले होते आणि जान्हवी सर्वेशच्या मांडीवर. तिने पूर्ण वाट स्वतःचे हात आजोबांना लागू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तिने एक गोष्ट सुरू केली. कुंदाआत्याकडे दुपारी निवडण्या-सोलण्याचं काही ना काही असायचंच. कधी मटार, कधी कोथिंबीर, कधी लसूण, आणि सोमवारी मोड आलेले वाल. जान्हवीने ते ताट मागून घेतलं आणि गॅलरीच्या उंबऱ्यावर, आजोबांपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ती त्यांच्याशी बोलली नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. फक्त मटार सोलले. दाणे ताटात टप टप पडत राहिले. आजोबांनी पाय ओढून घेतले होते. ताट संपलं, ती उठून गेली.

पुढच्या दिवशी ती एक वीत पुढे सरकली. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक. गॅलरी लांब नव्हती, पण या वाटेला बरेच दिवस लागले. त्या दुपारी सगळ्या एकमेकींसारख्या असायच्या. मिठागरांवरून झुळूक यायची. दूर खाडीपाशी गुलाबी ठिपक्यांची एक रांग उठायची आणि पुन्हा बसायची. ते रोहित पक्षी होते, पण इतक्या लांबून ते पाण्यानेच श्वास घेतल्यासारखे दिसत. कधी कधी जान्हवीचे हात आपोआप चालत आणि ती स्वतःच कुठेतरी तरंगत जाई. तिच्या मनात येई, आत्ता, या क्षणी, आजोबांना आणि मला अगदी सारखंच दिसतंय. हेच ऊन, हाच वास. आत्तापुरते आपण दोघे एकाच जागी आहोत. पुढे मी हे बरोबर घेऊन जाईन आणि ते इथेच सोडतील, एवढाच फरक.

नवव्या दिवशी वालांचं ताट दोघांच्या मधोमध होतं. कोमट पाण्यात भिजलेले वाल, बोटाने दाबलं की सालातून सुळकन बाहेर येणारे. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा हात पुढे आला. त्यांनी एक वाल उचलला, दाबला, तो उडून जान्हवीच्या फ्रॉकवर पडला. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं. आजोबांनी दुसरा उचलला.

आणखी चार दिवसांनी ती शाळेतून आली, तेव्हा आजोबांनी मान वळवली, पाय होते तिथेच ठेवले आणि विचारलं, "कोणाचा गो चेडू तू?" जान्हवी दप्तर न काढताच उभी राहिली. दीड वर्ष ज्या प्रश्नाचा तिला राग येत होता, तो ऐकून तिला हसू फुटलं. तुमचाच, ती म्हणाली. आजोबांना फार आनंद झाला.

इकडे घरात आणखी एक बदल झाला होता, आणि तो तिला आधी कळलाच नव्हता. कुंदाआत्या बडबडेनाशी झाली होती. आजोबांशी ती इतक्या हळू आणि जपून बोलायची, की एकदा आजोबांनीच घाबरून विचारलं, "कुंदा, तुका बरा नाय काय गो?" दर शनिवारी संध्याकाळी ती सोसायटीतल्या बायकांबरोबर ठाण्याला तलावपाळीवर जायची, भेळ खायची, बोटीत बसायची. आठवड्यातून तेवढीच तिची सुट्टी. तेही तिने सोडलं होतं. अनुपमाने किती समजावलं, तर ती म्हणाली, की माझ्या तोंडाने त्याचं काळीज फाटलं, आता मी त्याला सोडून हिंडायला जाऊ?

मग एक शनिवार आला. आजोबा दुपारची झोप काढून चारच्या सुमाराला उठले. जान्हवी गॅलरीत लसूण सोलत बसली होती. आजोबा येऊन खुर्चीत टेकले. त्यांचे डोळे अजून अर्धे झोपेतच होते. समोर कोण बसलंय हे त्यांना माहीत नव्हतं, पण झोपेत पडलेलं स्वप्न अजून गेलं नव्हतं आणि ते कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

त्यांनी सांगितलं, की साचेखातं होतं. सगळे साचे चालू होते, धाग्याचे धोटे इकडून तिकडे पळत होते, पण आवाज नव्हता. इतकं शांत, की कापसाचा पुंजका उडताना ऐकू यावा. आणि चार नंबरच्या साच्यापाशी जमिनीवर एक मुलगी बसली होती. मांडीवर ताट. काहीतरी सोलत होती. जॉबर आला, तो तिला काही बोलला नाही. मुकादम आला, तोही बोलला नाही. जणू ती तिथलीच.

"कोण होती?" जान्हवीने विचारलं.

"तोंड नाय दिसला," आजोबा म्हणाले. "पण ती होती म्हणान बरा वाटत होता."

जान्हवीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. घोडामाशांना जे जमलं नव्हतं, ते कुठल्या वाटेने आत गेलं होतं कोण जाणे. नाव नव्हतं, चेहरा नव्हता, पण ताट होतं, मांडी होती, आणि चार नंबरच्या साच्यापाशी तिची जागा होती.

आजोबा तिच्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी का आलं, त्यांनी विचारलं. लसणामुळे म्हणावं, तर लसणाने पाणी येत नाही. कुणी काही बोललं काय तुला, त्यांनी विचारलं, आणि खुर्चीतून पुढे वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं जान्हवीच्या जिभेवर आलं. मीच बोलले होते, आजोबा. खोटं बोलले. तुम्ही कधीच कुणाला बाहेर काढलं नाहीत. एवढं म्हटलं असतं, की तिची छाती मोकळी झाली असती. पण हाताखाली डोकं तसंच धरून ती म्हणाली, की काही नाही, स्वप्न छान होतं म्हणून. आजोबा समाधानाने मागे टेकले.

तेवढ्यात खालून बायकांनी हाक मारली. "कुंदाताई, येताय ना? रिक्षा थांबलीय." स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याचं उत्तर ऐकू आलं, की नाही गं, तुम्ही जा, माझं काही खरं नाही. मग खिडकी लागल्याचा आवाज झाला.

जान्हवी ऐकत राहिली. आजोबांना सांगायचं नव्हतं, हे तिला पक्कं कळलं होतं. पण आत्याचे घोडामासे शाबूत होते, आणि त्यांनी गेले कित्येक दिवस एक चुकीचीच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती.

तिने ताट बाजूला ठेवलं. उठून गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकली आणि ओरडून सांगितलं, की काकू, दहा मिनिटं थांबा, आत्या येतेय. मग ती स्वयंपाकघरात गेली, दार मागे लोटून घेतलं, आत्याच्या हातातला चिमटा काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आत्या, काढ्यामुळे नाही. बस जरा. तू दूध आणायला गेली होतीस ना, तेव्हा मी आजोबांना एक सांगितलं." आणि आत्या स्टुलावर टेकायच्या आतच ती शाळेच्या कागदापासून सांगायला लागली.